मालवणची जलयात्रा : सिंधुदुर्ग कोणत्या क्रमानें पहावा

मालवणास सुटीसाठीं जाणाऱ्या मंडळींचा एक क्रम ठरून गेला आहे. बंदरावर यावें, होडींत बसावें, घटकाभरांत सिंधुदुर्गाच्या दरवाजाशीं उतरावें, शिवराजेश्वराचें दर्शन घ्यावें, महाराजांच्या हातापायांचे म्हणून दाखविले जाणारे ठसे पहावे आणि होडीवाल्यानें नेमून दिलेल्या वेळांत परत फिरावें. या क्रमास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु इतिहासाभ्यासकास तो पुरेसा नाहीं. सिंधुदुर्ग हें एक सुटें स्थळ नसून पद्मगड, राजकोट व सर्जेकोट यांसह तो एक दुर्गसमूह आहे. या समूहाची रचना उमगणें हें होडी कोणत्या वेळीं आणि कोणत्या वाटेनें नेली यावर पुष्कळसें अवलंबून आहे. सबब अभ्यासकांच्या सोयीसाठीं या जलयात्रेची आंखणी येथें मांडीत आहें.

प्रथम स्थळाविषयीं. आपल्या अर्थशास्त्रकारांनीं दुर्गांचे जे प्रकार कल्पिले, त्यांत पाण्यानें वेढलेल्या दुर्गास ‘औदक’ अशी संज्ञा आहे. सिंधुदुर्ग हें त्याचें निर्भेळ उदाहरण होय. मालवणसमोरील कुरटें बेटावर मार्गशीर्ष वद्य २ शके १५८६, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं या दुर्गाचा पाया घातला गेला आणि १६६७ सालीं काम पुरें झालें. आंतील क्षेत्र सुमारें ४८ एकर असून तटाची उंची सुमारें ३० फूट व जाडी १२ फूट आहे. १७६५ सालीं इंग्रजांनीं हा दुर्ग घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं तो करवीरकरांकडे परत गेला आणि १८१२ सालच्या तहानें कायमचा इंग्रजांच्या हातीं पडला.

यात्रेस ऋतु कोणता? जूनपासून ऑगस्टअखेर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या सामान्यतः बंद असतात. प्रवाशांस ही अडचण वाटते. वस्तुतः ती या किनाऱ्याची जुनी शिस्त आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांतही, दर्या खवळण्यापूर्वींच आरमार सुरक्षित बंदरीं छावणीस आणावें, असा दंडक घातलेला आढळतो. म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ धरावा.

ऋतूनंतर तिथि. मुंबई व कोंकण प्रांतीं तिथीची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची वेळ निघते, असा आडाखा रूढ आहे. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, याप्रमाणें. वद्य पक्षांत तिथि पुन्हा एकपासून मोजावी. मालवण मुंबईच्या दक्षिणेस असल्यानें तेथें भरती थोडी आधीं येते, एवढी दुरुस्ती करावी. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां पाणी फारसें चढत नाहीं व फारसें उतरतही नाहीं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाचा जोर असतो व ओहोटीही खोल जाते. पद्मगड ओहोटींतच पायीं गांठतां येत असल्यामुळें द्वितीया किंवा तृतीया साधावी. त्या दिवशीं सकाळीं ओहोटी मिळते आणि दुपारकडे भरतीचें पाणी होडीस लाभतें. हा केवळ आडाखा आहे. निघण्यापूर्वीं बंदरावरील भरती-ओहोटीचें कोष्टक पाहणें अवश्य आहे.

या हिशेबाचा एक उपयोग असा कीं, पायाभरणीच्या दिवसाचें पाणीही त्यावरून अजमावतां येतें. वद्य द्वितीया म्हणजे उधाणाचे दिवस. त्या दिवशीं पूर्ण भरती मध्याह्नाच्या आसपास व ओहोटी सूर्योदयाच्या सुमारास असली पाहिजे. म्हणजे सकाळीं बेटाभोंवतालचें खडप उघडें व दुपारीं मचवे लावण्यास पाणी पुरेसें. परंतु यावरून ‘मुहूर्त ओहोटी पाहूनच धरला’ असें अनुमान कोणी काढील तर तें फाजील होईल. तिथि पाणी सांगते, मनुष्याचा हेतु सांगत नाहीं.

आतां क्रम. आरंभ दांडीच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापासून करावा. दुर्गारंभाचें पूजन येथें झालें अशी परंपरा आहे आणि खडकावर गणेशाची आकृति कोरलेली आहे. तेथून ओहोटीच्या वेळीं, स्थानिक माणूस बरोबर घेऊनच, पद्मगडाकडे वळावें. किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मधोमध असलेलें हें लहानसें स्थळ पाहिल्यावांचून मुख्य दुर्गाची राखण कशी होत असे हें ध्यानांत येत नाहीं. पाणी चढूं लागल्यावर बंदरावरून होडी करावी. आणि होडीवाल्याशीं वेळेचा ठराव आधींच करून अर्ध्या दिवसाची मुदत मागून घ्यावी. होडींतून उत्तरेकडे नजर टाकली असतां राजकोटाचा खडक दिसतो; त्याच्याही पलीकडे सर्जेकोट. दरवाजाजवळ जातांना एक गोष्ट अवश्य पहावी. तो किनाऱ्याच्या बाजूस असूनही बुरुजांच्या आड असा लपविलेला आहे कीं, होडी अगदीं समोर येईपर्यंत नवख्यास त्याचा पत्ता लागत नाहीं.

आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यांत शिबंदी कशी टिकली याचें उत्तर तटापेक्षां या विहिरींत अधिक आहे. शिवराजेश्वराचें मंदिर छत्रपति राजाराम महाराजांनीं १६९५ सालीं बांधिलें असें सर्वत्र सांगितलें जातें. पण त्या सालीं महाराज जिंजीस होते. ते परत आले १६९८ सालीं. तेव्हां एकतर मंदिर त्यांच्या आज्ञेनें, त्यांच्या गैरहजेरींत उभें राहिलें असलें पाहिजे, नाहींतर हें साल पुन्हां तपासलें पाहिजे. युनेस्कोनें २०२५ सालीं मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांस जागतिक वारशाच्या सूचींत घेतलें, त्यांत सिंधुदुर्ग आणि जिंजी हे दोन्ही आहेत. या दोन दुर्गांमधील पत्रव्यवहाराचा एखादा कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास या प्रश्नाचा निकाल लागण्यास साहाय्य होईल.

शेवटीं, या यात्रेचा जो भाग आमच्या मतें सर्वांत निकडीचा, तो सांगतों. सिंधुदुर्गाचें खरें संरक्षण तटाइतकेंच पाण्याखालील खडपांनीं केलें. कोणत्या खडपास काय नांव, कोणत्या तिथीस कोणत्या खडपावरून होडी निभावते, कोणती वाट वरून मोकळी दिसली तरी आंतून बंद आहे, हें ज्ञान बखरींत आलेलें नाहीं. तें तांडेलांच्या घराण्यांत तोंडीं चालत आलें आहे. आतां होड्यांस यंत्रें बसलीं, एकच नेमकी वाट रोजची झाली आणि इतर वाटांचीं नांवें घेण्याचा प्रसंग उरला नाहीं. जें नांव उच्चारलें जात नाहीं तें दुसऱ्या पिढीस पोंचत नाहीं. म्हणून प्रत्येक अभ्यासकानें होडींत बसतांना वही-पेन्सील जवळ ठेवावी, वृद्ध तांडेलास विचारून खडपांचीं व वाटांचीं नांवें त्याच्याच उच्चाराप्रमाणें लिहून घ्यावीं, त्यांच्या दिशा टिपाव्या, आणि सांगणाऱ्याचें गांव व वय यांची नोंद करावी. दोन तांडेलांच्या सांगण्यांत भेद पडल्यास दोन्ही पाठ ठेवावे. पोथीच्या पाठभेदांस आपण जो न्याय लावतों तोच येथें लावावा. दप्तरांतील कागदास कसर लागली तरी त्याचे तुकडे मागें राहतात. तांडेल गेला म्हणजे त्याच्या दप्तराचा तुकडाही उरत नाहीं.