‘कम सप्टेंबर’ नेमकं कुणाचं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लग्नसराईत वरातीमागून चाललेल्या माणसाला एक धून नावासकट ठाऊक असते. बँडवाल्यांना ‘कम सप्टेंबर घ्या’ एवढं सांगितलं की पुरे. सिंधी घरची बारात असो की आगरी घरची हळद, ब्रास बँड असो की बेंजो, धून तीच. तिला शब्द नाहीत, गायक नाही. नाव आहे ते एका सिनेमाचं, त्यामुळे ती कुणी बांधली आणि कुणी वाजवली हे नावावरून कळत नाही. रेडिओवर ऐकून ती ओळखू पाहणाऱ्यापुढेही हीच अडचण असते. कुणी ती सिनेमातलीच म्हणतो, कुणी बिली व्हॉनची, तर पुढच्या पिढीतला कुणी ‘राजा’ या हिंदी चित्रपटातली. तिन्ही उत्तरांना काही ना काही आधार आहे, पण तिघांचं वजन सारखं नाही.

सुरुवात सिनेमापासून करू. ‘कम सप्टेंबर’ हा १९६१ चा अमेरिकी चित्रपट. दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन, मुख्य भूमिकांत रॉक हडसन आणि जिना लोलोब्रिजिडा. पार्श्वसंगीतासाठी नाव आहे हान्स सॉल्टर यांचं. तेवढंच वाचून कुणी धून सॉल्टर यांच्या नावावर टाकली, तर ती चूक होईल. ती बांधली बॉबी डॅरिनने. डॅरिन मुळात गायक, याच चित्रपटात तो नट म्हणूनही आहे. इटलीतल्या चित्रीकरणात त्याची सहकलाकार सँड्रा डी हिच्याशी ओळख झाली आणि १९६० च्या डिसेंबरात, चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, दोघांनी लग्न केलं. त्याने आपल्या वाद्यवृंदाकडून ही धून ॲट्को कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. म्हणजे कर्तेपणाचा प्रश्न इथेच मिटतो: धून डॅरिनची.

ऐकलेली तबकडी मात्र त्याचीच होती, असं यातून सिद्ध होत नाही. त्याच वर्षी डॉट या दुसऱ्या कंपनीने हीच धून बिली व्हॉनच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. ही तबकडी अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या शंभरांत पोचली, वरच्या पन्नासांत कधीच नाही. तिथला बाजार पाहता तो किरकोळ विक्रम. तरी वाद्यसंगीताच्या श्रोत्यांत व्हॉनची तबकडीच जास्त टिकली. त्याचं कारण डॉट कंपनीच्या धंद्यात आहे. दुसऱ्याचं चाललेलं गाणं आपल्या कलाकारांकडून नव्याने करून घेऊन झटपट बाजारात आणायचं, ही तिची रीत होती. पॅट बूनची सुरुवातीची कितीतरी गाणी अशीच झाली. व्हॉन तिथे संगीत दिग्दर्शक होता. केंटकीत १९१९ साली जन्मलेला हा माणूस आधी ‘हिलटॉपर्स’ या गायकांच्या चौकडीत होता. पुढे ‘मेलडी ऑफ लव्ह’ आणि ‘सेल अलाँग सिल्व्हरी मून’ यांनी त्याचं नाव झालं. ‘कम सप्टेंबर’च्या दुसऱ्याच वर्षी त्याने बर्ट केम्पफर्ट यांची ‘ए स्विंगिंग सफारी’ वाजवली आणि अमेरिकेत ती व्हॉनच्याच नावाने गाजली. बांधणारा एक, लक्षात राहणारा दुसरा, हे त्याच्या बाबतीत वारंवार घडलं आहे.

कानाने ओळखायचं असेल तर त्याची एक खूण पक्की आहे. दोन आल्टो सॅक्सोफोन एकच चाल थोड्या अंतराच्या दोन सुरांत एकदम चालवतात. एकाचा श्वास दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, इतके ते जुळलेले असतात. रेडिओवरच्या आठवणीत ‘दोन सॅक्सोफोन’ पक्के असतील, तर मी व्हॉनच्या बाजूने कौल देईन. आठवण नुसती चालीची असेल तर देणार नाही. वरातीतल्या वादनावरून तर मुळीच ठरवू नये. तिथे क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन बहुधा एकाच सुरात वाजतात. व्हॉनचा दुसरा सूर रस्त्यावर गळून पडतो आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

‘राजा’चा दावा तारखेवरच निकालात निघतो. ‘नजरें मिली दिल धड़का’ हे नदीम-श्रवण यांच्या संगीतातलं गाणं १९९५ चं, मूळ धुनेनंतर ३४ वर्षांनी आलेलं. तरीही हा दावा टाकाऊ नाही. नव्वदीत लहान असलेल्यांनी ही चाल पहिल्यांदा शब्दांसकट ऐकली, एवढं तो प्रामाणिकपणे सांगतो.

ही धून आपल्याकडच्या घरांत कुठल्या वाटेने आली असेल? हातातले कागद वाट दाखवतात, मुक्काम नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावण्यांत वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. ‘कॅम्प’चे आकडे पत्त्यांत आजही आहेत. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हटली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे हिंदीबरोबर इंग्रजी प्रसारणही होतं. विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. म्हणजे १९६१ ची धून आली तेव्हा रेडिओची सवय पुरती रुळलेली होती. आकाशवाणीचं कार्यक्रमपत्र ‘द इंडियन लिसनर’ १९५८ पासून ‘आकाशवाणी’ या नावाने निघू लागलं. त्यातून कार्यक्रमाची वेळ आणि प्रकार कळतो. पण दोन कार्यक्रमांमधली फट भरायला लावलेली वाद्यसंगीताची तबकडी आगाऊ छापल्या जाणाऱ्या पत्रिकेत शोधून उपयोग नाही.

म्हणून माझा निष्कर्ष दोन भागांत आहे. धून डॅरिनची, हे निश्चित. आपल्या कानांत बसलेलं वादन व्हॉनचं, हे संभवनीय. दोन सॅक्सोफोनची साक्ष मिळाली तर बळकट. तिसरं श्रेय आपल्याच बँडवाल्यांचं. त्यांनी ती बहुधा कानाने बसवली, ताशाच्या चालीवर चढवली आणि परक्या सिनेमाच्या धुनेला वरातीत कायमची जागा दिली. ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नबँडवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं, वादकांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून. तसं काम कल्याणपलीकडच्या या तीन गावांसाठी मराठीत आणि सिंधीत व्हायला हवं.

बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयाने दुर्मिळ मराठी पुस्तकं जपून दाखवली आहेत. बँडच्या कागदांनाही तशीच आस्था मिळावी. घरात ‘कम सप्टेंबर’ची तबकडी असेल तर लेबलवरची कंपनी, क्रमांक आणि मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला आकडा उतरवून ठेवा. बँडच्या मालकांनी नोटेशनच्या वह्या आणि इसाऱ्याच्या पावत्या रद्दीत घालू नयेत. आणि जुने वादक हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या: ही धून तुम्ही कुठे ऐकलीत, कुणाकडून शिकलात, कुठल्या साली पहिल्यांदा वाजवलीत. उत्तराखाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.