एका शिलिंगातला बेथोव्हेन

पियानोवादकाची थोरवी लोक न्यूयॉर्क-व्हिएन्नाच्या मैफलींवरून मोजतात. मला मायरा हेसबाई म्हटलं की आधी आठवतो तो तिकिटाचा दर: एक शिलिंग.

बाई १८९० च्या, लंडनच्या. रॉयल अकॅडमीत टोबायस मॅथे यांच्या शिष्या. १९०७ साली, अवघ्या सतराव्या वर्षी, टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो वाजवला. पुढे अमेरिकेनंही डोक्यावर घेतलं.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं. लंडनमधली सभागृहं बंद झाली. नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीनं वेल्सला हलवली, भिंती उघड्या पडल्या. हेसबाईंनी अमेरिकेचा दौरा रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे मैफलीसाठी जागा मागितली. ते म्हणाले, रोजच का नको? १० ऑक्टोबरला पहिली मैफल झाली, वाजवायला स्वतः बाईच. मग सोमवार ते शुक्रवार, ऐन जेवणाच्या सुट्टीत, एका शिलिंगाच्या तिकिटासाठी कारकून, सैनिक, परिचारिका रांगा लावू लागल्या. हवाई हल्ले सुरू झाल्यावर बैठक तळघरात गेली; खंड पडला नाही.

शत्रू जर्मन, तरी बाख, बेथोव्हेन, ब्राम्स वाजतच राहिले. मला याचंच मोल अधिक वाटतं. एप्रिल १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या. बाईंनी स्वतः बिदागी घेतली नाही. जगभरच्या टाळ्यांपेक्षा त्यांची ही साडेसहा वर्षं मोठी.