पडसादाची वजाबाकी

दूरध्वनीच्या इतिहासात उपग्रहाला मोठा मान मिळतो. माझे म्हणणे असे की, उपग्रहाने आवाज समुद्रापार नेला खरा, पण दोन माणसांना मोकळेपणी बोलता आले ते एका वजाबाकीमुळे.

घरातून एक्स्चेंजपर्यंत दोनच तारा जातात; दोघांचेही आवाज त्यांतूनच वाहतात. लांब पल्ल्याला मात्र प्रत्येक दिशेचा मार्ग वेगळा लागतो. या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर ‘हायब्रिड’ नावाचे ट्रान्सफॉर्मर-मंडल असते. घरोघरच्या तारांची लांबी वेगवेगळी, त्यामुळे त्याचा तोल पुरता साधत नाही आणि आलेल्या आवाजाचा काही अंश माघारी जातो. पडसाद ऐकू येतो बोलणाऱ्याला, पण जन्मतो ऐकणाऱ्याच्या टोकाला. जवळच्या कॉलमध्ये तो जाणवत नाही. १९६५ साली ‘अर्ली बर्ड’ उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावला आणि हा पडसाद अर्ध्या सेकंदाने येऊ लागला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या आर्वीच्या भूकेंद्रातून जाणाऱ्या कॉलनाही हेच अंतर कापावे लागे.

जुना उपाय ‘एको सप्रेसर’चा. एक जण बोलू लागला की उलट दिशेचा मार्ग दाबून टाकायचा. पडसाद थांबे, पण पलीकडच्याने मध्येच म्हटलेले ‘हो’ किंवा ‘थांबा’ही गिळले जाई.

बेल लॅबोरेटरीजमधील जॉन केली आणि बेन लोगन यांनी निराळा विचार केला. पडसादाचा मूळ आवाज यंत्राच्या हाती असतोच. तो किती उशिराने आणि किती क्षीण होऊन परततो, हे ताडून नकली पडसाद बनवायचा आणि परतीच्या आवाजातून वजा करायचा. जे उरेल त्यावरून अंदाज सतत सुधारायचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये बेलच्या नियतकालिकात अशा यंत्राचे गणित मांडले.

यात एक अडचण होती. दोघे एकदम बोलले, तर यंत्र पलीकडच्याच्या शब्दांनाही उरलेला पडसाद समजून अंदाज बिघडवी. म्हणून तेवढा वेळ त्याचे शिकणे थांबवावे लागते. वजाबाकी चालू राहते. १९८० मध्ये हे सारे एका चिपवर बसल्याचे प्रसिद्ध झाले आणि ही महाग सोय आवाक्यात येऊ लागली.

सप्रेसर एका वेळी एकालाच बोलू देई. या वजाबाकीने ऐकणाऱ्यालाही मध्येच बोलण्याची मुभा दिली. मला तिचे खरे मोल यातच दिसते.