चौकटीवरच्या चंद्रकोरी

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये पाणी घराघरांत शिरले. आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट उभी राहिली, पण तिच्या खालच्या नक्षीची पट्टी निखळून गेली. ती पुन्हा कोरावी म्हणून मी गोल पटाशी हाती धरली.

सरावाला औद्योगिक वसाहतीतल्या मोडक्या खोक्यांची पाइनची फळी. काम दोनच घावांचे. पटाशी उभी ठोकली की कमानीसारखी चीर पडते. मग थोडे मागून, तिरपी धरून चिरेपर्यंत ढकलायची. ढलपी उडते आणि चंद्रकोर उरते. धार बोथट असली तर मऊ लाकूड कापले जात नाही, चेपते. पहिली फळी मी अशीच वाया घालवली.

हात बसल्यावर चौकट वेगळी दिसू लागली. डावीकडच्या साऱ्या चंद्रकोरी एका रुंदीच्या. उजवीकडे मध्येच रुंदी वाढते. म्हणजे तिथे पटाशी बदलली, कदाचित माणूसही.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८७० साली सिमल्यात एका लाकूड कोरणाऱ्याचे चित्र काढले. आमच्या कारागिराचे कोण काढणार? तो हिंदू सुतार होता की मुसलमान मिस्त्री, हे मात्र लोक आवर्जून विचारतात. चंद्रकोर दिसली की मुसलमानच, असा त्यांचा हिशेब. अहो, गोल पटाशीचा घावच तसा पडतो! देवळाच्या लाकडी खांबावरची पाकळीही याच दोन घावांत निघते.

मला बाजारात मिळालेली पटाशी दोन्ही मापांपेक्षा अरुंद निघाली. पट्टी तिनेच कोरली. पुढे कोणी मोजायला बसला, तर त्याला तिसरा माणूस सापडेल.