कचरा कार्बोरेटरमध्ये नसतो तेव्हा

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले की थोड्याच अंतरावर नागरा लागते. जुन्या शिवमंदिरासाठी हे गाव ओळखले जाते. तोच रस्ता पुढे बालाघाट ओलांडून जबलपूरला पोहोचतो, आणि जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांसाठी जबलपूर म्हणजे जोंगा. तिथल्या वाहन कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी बनलेली ही गाडी मुळात जपानी निसान पॅट्रोल या मोटारीवर बेतलेली. सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन आणि भूकही तशीच. उत्पादन १९९९ मध्ये थांबले. लष्कराने निवृत्त केलेल्या जोंगा लिलावात निघाल्या आणि देशभरच्या शौकिनांच्या हाती लागल्या. काहींनी पदरचे पैसे घालून त्यांना पुन्हा उभे केले.

उभी केलेली जुनी गाडी, मग ती जोंगा असो, विलीज जीप असो की फियाट, एकच दुखणे हमखास दाखवते. सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू होते, आयडलिंगही झकास असते. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर, बहुधा फाटकापाशी थांबल्यावर, ती दोनदा आचके देते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने, काहीही न करता, पुन्हा सुरू होते. जमलेल्या माणसांपैकी कुणीतरी निदान करतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आला." मग कार्बोरेटर उतरवला जातो, फुंकला जातो, परत चढवला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी तेच घडते.

या निदानामागे मोठा इतिहास आहे, आणि तो फक्त यंत्राचा नाही. पेट्रोलचाही आहे.

हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवारा मारणारा कार्बोरेटर सिद्ध केला. तत्त्व साधे. इंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो, आणि बाजूच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, आपोआप वर खेचले जाते. वाटीतली पातळी फ्लोट आणि नीडल सांभाळतात. ना सेन्सर, ना संगणक. किती हवेला किती पेट्रोल, हे ठरवायचे काम मुख्यतः त्या छिद्राच्या मापाचे. आणि ते माप कारखान्याने ज्या काळी ठरवले, त्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवले. जुन्या गाडीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

महाराष्ट्रात या यंत्राने पिढ्या घडवल्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली; कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचीच पद्मिनी बाहेर पडली. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनल्या, १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली. गावोगावी, झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, मिस्त्री तयार झाले. पान्याचे शिक्षण त्यांना कुणी शाळेत दिले नव्हते. चोक किती ओढायचा, स्लो कितीवर ठेवायचा, मिक्स्चरचा स्क्रू कानाने ऐकून कुठे थांबवायचा, हे हाताखालच्या पोराने बघून बघून उचलले.

इंधन बदलले की गाडीही बदलावी लागते, हे त्या पिढीच्या आधीच्यांनी पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा सर्व्हिस मोटारींना कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि भट्टीतल्या वायूवर गाड्या धावू लागल्या. निघण्यापूर्वी क्लीनरने पंखा फिरवून विस्तव फुलवायचा, चढावर उतारूंनी उतरायचे. लगोलग १९४८ मध्ये केंद्राने पॉवर अल्कोहोलचा कायदा केला, साखर कारखान्यांच्या मळीतून निघणारे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळता यावे म्हणून. तो कायदा २००० मध्ये रद्द झाला, आणि गंमत अशी की पुढच्याच वर्षी मिश्रणाचा नवा प्रयोग महाराष्ट्रातच, मिरज आणि मनमाड इथे, सुरू झाला. तिसरे ठिकाण उत्तर प्रदेशातले होते. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे ठरले. महाराष्ट्र त्यांत होता. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाबरोबर तांदळाच्या कणीलाही या कामी वाट मोकळी केली. भातगिरण्यांच्या गोंदियाला कणी काय असते ते सांगायला नको.

देशाच्या दृष्टीने हे धोरण कसे, हा वेगळा विषय. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीच्या दृष्टीने परिणाम उघड आहेत. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेटचे छिद्र मात्र तेवढेच, म्हणून इंजिनाला इंधन कमी पडते, मिश्रण पातळ होते. थंड असताना चोक ते झाकून घेतो. गाडी तापली, चोक परत आत गेला, की आयडलिंगला इंजिन लटपटते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसते, पत्रा गंजतो, वाटीच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. जुन्या रबरी नळ्या आतून फुगून सोलवटतात, पंपाचा डायफ्राम ताठर होतो. मिस्त्रीला जेटमध्ये सापडतो तो "कचरा" हाच. तो जेटमध्ये जन्मलेला नसतो, मागून आलेला असतो. टाकी आणि नळी तशीच ठेवून जेट फुंकणे म्हणजे छप्पर गळत असताना फक्त फरशी पुसणे.

पूर्व विदर्भाचा उन्हाळा त्यात भर घालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांतच उकळू लागतात, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. गाडी थांबली, वारा थांबला, की नळीत वाफ धरते आणि पंप वाफच ढकलत राहतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवत. तो उपाय अडाणीपणाचा नव्हता. वाफेचे पुन्हा पेट्रोल करण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता आणि आजही आहे.

पण बंद पडलेली प्रत्येक गाडी पेट्रोलवाचून बंद पडत नाही. अनुभवी मिस्त्री पाना हातात घेण्याआधी इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढतो, कार्बोरेटरच्या गळ्यात डोकावतो आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने ओढतो. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग संशय ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सरवर. तापल्यावर दगा देणारा आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखा वागणारा कंडेन्सर कितीतरी निर्दोष कार्बोरेटरांना उतरवायला लावतो. पिचकारी उडाली नाही, तर टाकीचे झाकण सैल करून गाडी सुरू होते का पाहायचे, कारण झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. गाडी फक्त आयडलिंगला मरत असेल, तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून किंवा झिजलेल्या थ्रॉटलच्या दांडीतून चोरून शिरणारी हवा शोधायची. पेट्रोल ओव्हर होत असेल, तर नीडल.

ही क्रमवार तपासणी जाणणारे हात आता कमी होत आहेत. मोटारींमधून कार्बोरेटर २००० च्या आसपास जाऊ लागला; १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ हद्दपार झाला. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्याचा निरोप घेतला. स्कॅनर लावून दोष वाचणाऱ्या तरुण मेकॅनिकला कानाने मिक्स्चर लावायचा प्रसंग येतच नाही. त्यात त्याचा दोष नाही.

जुन्या गाड्यांना मात्र सरकारने मान दिला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. गाडी मूळ राहिली, पण तिला चालती ठेवण्याची विद्या कुठे नोंदली जाते?

म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी दोन कामे करावीत. नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. आणि गावात कार्बोरेटर लावणारा म्हातारा मिस्त्री असेल, तर त्याच्याशेजारी वही घेऊन बसावे. जेटचे नंबर, फ्लोटची पातळी, कोणत्या आवाजाला कोणता स्क्रू, सगळे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.