लाहोरहून बंगळूरला

२० फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्ली-लाहोर बससेवेचा प्रारंभ झाला आणि पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी त्या बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. पुढे डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला व २००२ च्या आरंभी ही सेवा बंद पडली. राजनीतीच्या इतिहासात या घटनेला एखादी ओळ पुरते. उपचारासाठी सीमा ओलांडू पाहणाऱ्या रुग्णाला मात्र त्या ओळीतला एकेक महिना मोजावा लागतो.

११ जुलै २००३ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा लाहोरहून निघालेल्या पहिल्याच बसमध्ये अडीच वर्षांची एक बालिका आपल्या मातापित्यांसह होती. तिच्या हृदयात जन्मतःच छिद्रे होती. अशा छिद्रांतून डाव्या बाजूचे रक्त उजवीकडे शिरते आणि फुप्फुसांकडे प्रमाणाबाहेर वाहते. छिद्र मोठे असेल, तर कालांतराने फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड व कठीण होतात. मग छिद्र बुजवूनही उपयोग होत नाही. रोगाची ही मुदत कोणत्याही सरकारला वाढवून देता येत नाही. पहिली बस बंद पडली, तेव्हा ही बालिका जेमतेम वर्षाची होती.

दिल्लीहून हे कुटुंब दक्षिणेत बंगळूरला आले. तेथे डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेल्या नारायण हृदयालयात १५ जुलै रोजी डॉ. राजेश शर्मा यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली व ती यशस्वी झाली. अपरिचित भारतीयांनी शुभेच्छा, खेळणी आणि देणग्या पाठविल्या. त्यानंतर पाकिस्तानातील इतर बालकेही याच नगरात उपचारांसाठी येऊ लागली.

परंतु ही वाट कायमची मोकळी झाली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बस पुन्हा थांबली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हत्याकांडानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. वैद्यकीय व्हिसाला इतरांहून दोनच दिवस अधिक, म्हणजे २९ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली.

नागरिकांच्या रक्षणासाठी सीमा बंद करणे हा राज्याचा अधिकार आहे, प्रसंगी कर्तव्यही आहे. तरीही त्या आदेशाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. व्यापारी थांबू शकतो, प्रवासी परत फिरू शकतो. आजारी बालकाला या दोन्ही सवलती नसतात. २००३ मध्ये वाट वेळेवर उघडली, एवढाच त्या बालिकेच्या भाग्याचा अर्थ होता.