उजेड कुठून येतो?

बाबांचा डबा टीव्ही ऐन चातुर्मासात बंद पडला. नवा बघायला मी बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानात गेले. पोरगा भराभर सांगू लागला, "मॅडम, एलसीडी जुना झाला. हा एलईडी, त्याच्यावर क्यूएलईडी, आणि हा ओएलईडी, एकदम टॉप." प्रत्येक नावाला किंमत चढत होती, आणि पैसे बाबांच्या पेन्शनचे. मी विचारलं, "यात उजेड कुठून येतो?" पोरगा गप्प.

मग घरी येऊन वाचत बसले.

डब्यातली नळी 1897 ची, स्ट्रासबर्गच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांची. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आपटायचा आणि लेप चमकायचा. 1982 च्या आशियाई खेळांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं, ते आपण याच नळीवर पाहिलं.

एलसीडीचं मूळ त्याहूनही जुनं. 1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या द्रव्यावर काम करत होते. त्यातला एक पदार्थ दोनदा वितळला! 145 अंशांच्या आसपास गढूळ झाला, 178 च्या आसपास नितळ. हेच द्रवस्फटिक. (गाजर कंदमूळ, आमच्या घरात येत नाही. आलं ते असं.) पुढे 80 वर्षांनी, 1968 मध्ये, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांनी त्याचा पडदा करून दाखवला. भिंतीवर टांगायच्या टीव्हीची स्वप्नंही तिथेच रंगली. पण कंपनीने नेट धरला नाही. जपानच्या शार्पने 1973 मध्ये ते कॅल्क्युलेटरात घातलं आणि धंदा तिकडे गेला.

मुद्दा असा, की हे स्फटिक स्वतः उजळत नाहीत. ते झडपेचं काम करतात, दिवा मागे लावावा लागतो. आधी मागे बारीक ट्यूबलाइट असायच्या, नंतर एलईडी आले. म्हणजे दुकानातला 'एलईडी' हा मागचा दिवा बदललेला एलसीडीच! क्यूएलईडीत रंग खुलवणारा एक थर जास्त, बाकी तोच. जाऊ मात्र किती नावं बदलून माप घेते बघा.

स्वतः उजळणारे पडदेही आहेत. प्लाझ्मा 1964 साली इलिनॉय विद्यापीठात शिकवणीच्या संगणकासाठी निघाला. आता तो बाजारात नाही. दुसरा ओएलईडी. 1987 मध्ये कोडॅकच्या, हो, फोटोच्या रोलवाल्या कोडॅकच्या, चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी तो मांडला. त्यात प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळं अगदी काळं दिसतं. चित्र सुंदर, यात शंका नाही. पण ते सेंद्रिय द्रव्य उजळता उजळता झिजतं. एकच जागा सारखी पेटत राहिली, तर तिथे डाग राहू शकतो.

आणि आमचे बाबा सकाळी सातपासून एकच बातम्यांचं चॅनेल लावतात. कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह, खाली लाल पट्टी, दिवसभर.

साधा एलसीडी आणला.

"कुठला आणलास गं?" बाबांनी विचारलं.

"एलसीडी."

"म्हणजे जुनाच की!"

आणि रिमोट मागून घेऊन त्यांनी बातम्या लावल्या.